अळीचा वाटा



गेल्या वैशाखात उमरखेड तालुक्यातल्या, पैनगंगेच्या काठच्या एका गावी सप्ताहाची समाप्ती होती. काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. दहीहंडी फुटली, लाह्यांचा काला वाटून झाला, महाप्रसादाच्या पंगती बसू लागल्या. मी मंडपाच्या कडेला घाम पुसत बसलो होतो. तेवढ्यात पन्नाशीचा एक माळकरी शेतकरी जवळ आला, पाया पडला आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “महाराज, एक इचारू का? चोरबीटी पेरनं पाप हाय का?”

मी म्हणालो, “माउली, नावातच चोर आहे. आता मला काय विचारता?” आजूबाजूचे दोघेतिघे हसले. तो मात्र हसला नाही. “बरं महाराज,” एवढेच म्हणाला आणि पंगतीत वाढायला निघून गेला.

संध्याकाळच्या गाडीने उमरखेडला परतताना त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्याने मनापासून विचारले होते आणि मी विनोद करून सुटका करून घेतली होती. ज्याच्या घरची भाकर खाऊन आपण कीर्तन करतो, त्याच्या पोटाच्या प्रश्नाला हसण्यावारी नेणे हेही एक पापच. म्हणून नंतर कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका वाचल्या, शेतीतल्या जाणत्यांना विचारले, निंदायला जाणाऱ्या बायांशी बोललो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ज्या वाचकांच्या भागात कापूस नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी हे घराघराचे पीक. बोंडात शिरणारी अळी हा तिचा जुना वैरी. मातीत एक सूक्ष्म जीवाणू असतो. तो एक प्रथिन तयार करतो आणि ते खाल्ले की अळीचे आतडे फाटून ती मरते. त्या जीवाणूतले हा गुण देणारे जनुक काढून कापसाच्या बियाण्यात घातले, तो बीटी कापूस. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन वाणांना परवानगी दिली. आज देशातला ९० टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे.

चोरबीटी ही त्यापुढची पायरी. या झाडाला तणनाशक सोसण्याचाही गुण दिलेला असतो. ग्लायफोसेट फवारले की वावरातले सगळे हिरवे जळते, पऱ्हाटी तेवढी उभी राहते. या बियाण्याला आपल्या देशात परवानगी नाही. तरी दर वर्षी मृगाच्या तोंडावर ते गावोगाव येते, बिननावाच्या पाकिटात, बिनपावतीचे. म्हणून लोकांनीच त्याचे नाव चोरबीटी ठेवले.

अशा बियाण्यांबद्दल माळकऱ्यांकडून मला नेहमी दोन शंका ऐकायला मिळतात. पहिली अशी, की यात माशाचा किंवा जनावराचा अंश असतो, मग ते आपल्याला चालेल का? या शंकेला थोडा आधार आहे. अमेरिकेत १९९० च्या सुमारास थंडीत न गोठणाऱ्या माशाचे जनुक टोमॅटोत घालून पाहिले होते. पण तो टोमॅटो बाजारात कधी आलाच नाही. आपल्याकडच्या बीटी कापसातले जनुक मातीतल्या जीवाणूचे आहे. विरजणात जीवाणू असतात म्हणून आपण दही सोडत नाही. तेव्हा माळेला यातून बाध येतो असे मला वाटत नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. बीज देवाने घडवले, माणसाने त्यात हात घालावा का? यावर मला सावतोबांचा मळा आठवतो. अरणच्या त्या माळ्याने देव शोधायला मळा सोडला नाही, मळ्यातच त्याला विठ्ठल भेटला. आणि मळा म्हणजे तरी काय? नांगरणी, निंदणी, खतपाणी, चांगले कणीस बघून त्याचे बी राखणे. देवाने जसे गवत दिले तसेच ठेवले असते तर ज्वारीचे टपोरे कणीस कधी दिसलेच नसते. आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्यांनी संकरित ज्वारीसाठी जिवाचे रान केले. पैनगंगेपलीकडे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित वाण आमच्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे लावला. तेव्हा कोणी त्याला पाप म्हटले नाही.

तरी दोन्ही गोष्टी अगदी एकच आहेत असेही म्हणू नये. कापसाचा कापसाशी संकर करणे वेगळे आणि जीवाणूचा गुण कापसात आणणे वेगळे. ही वाट नवी आहे. नवी आहे एवढ्यानेच ती पापाची ठरत नाही, पण नव्या वाटेवर पाऊल जपून टाकावे लागते, आणि आपल्यामागे कोण कोण चालत आहे हे बघावे लागते. पाप शिरते ते इथे, जपायचे विसरल्यावर. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्याच चार एकरांत ते घडले आहे.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर पूर्वी १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळत असे. तिच्यात साधे, बिगर-बीटी बियाणे असे. ते वावराच्या चारही बाजूंनी पाच ओळी किंवा क्षेत्राच्या पाचव्या हिश्शात लावावे, असा नियम होता. त्या ओळी अळीसाठी होत्या. तिने तिथे यावे, खावे, वाढावे.

हे ऐकायला उफराटे वाटते, पण त्यामागचा विचार सरळ आहे. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की बीटी खाऊनही मरत नाही. वावरात नुसती बीटीच असेल तर बाकीच्या सगळ्या मरतात आणि अशा न मरणाऱ्यांचीच आपापसांत जोडी जमते. त्यांची पोरेही न मरणारी. शेजारी साध्या ओळी असल्या, तर तिथे वाढलेली साधी पाखरे भरपूर असतात. न मरणाऱ्याची जोडी साध्याशी जमते आणि त्यांची बहुतेक पिल्ले बीटीवर मरतात. म्हणजे आपण अळीला तिचा वाटा दिला, तर आपला वाटा टिकतो.

हिरव्या बोंडअळीचे पोट एकट्या कापसावर नाही. ती तूर खाते, हरभरा खाते. तिला साध्या ओळी दुसरीकडे आपोआप मिळाल्या, आणि तिच्यावर बीटीचा धाक पुष्कळ राहिला. गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. तिचे घरदार सगळे कापसातच. तिला आपण ओळी दिल्या नाहीत, आणि वर पाण्याची सोय असलेल्यांनी चार क्विंटल जास्तीच्या आशेने फरदड घेत कापूस उन्हाळ्यापर्यंत उभा ठेवला. २००२ च्या बियाण्यात बीटीचे एक जनुक होते, २००६ पासून दोन जनुकांचे आले. गुलाबी अळीने दोन्ही पचवली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात वावरेच्या वावरे डोमकळ्यांनी भरली. बोंड बाहेरून हिरवेगार आणि फोडले की आत किडकी कवडी. दिवाळीनंतर लोकांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातले, गुरे सोडली.

त्याच २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यांत पडली. पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, उन्हाची तलखी, हाती मोठ्या दाबाचे पंप, अंगात साधा सदरा, आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेली. त्यात मजुरीने फवारायला जाणारे बरेच होते. ज्या बीटीने फवारणी कमी होईल असे आपण सगळे म्हणत होतो, तिच्याच वावरात हे झाले.

आता माझे सांगतो. त्या वर्षांत मी कीर्तनात तुकोबांची ती कथा रंगवून सांगत असे. तुकोबा राखणीला बसले, पाखरे आली, त्यांनी ती हाकलली नाहीत, पोटभर खाऊ दिली. लोकांचे डोळे ओले होत. आणि घरी माझ्या वावराच्या धुऱ्यावर ती १२० ग्रॅमची पुडी न फोडता पडलेली असे. पाच ओळी अळीला कशाला द्यायच्या, हा हिशेब. कथेतल्या पाखरांना मी उदारपणे कणसे वाटत होतो आणि वावरातल्या अळीच्या ओळी राखून ठेवत होतो.

शेतकऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे. दोन एकरवाल्याने पाच ओळी सोडायच्या म्हणजे घरातला घास काढून द्यायचा. ही पुडी कशासाठी, हे त्याला नीट कोणी समजावले नाही. पुडीतले बियाणेही पुष्कळदा हलके, उशिरा फुलणारे निघे. तेव्हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पण मला तर ती पुस्तिका वाचता येत होती.

आता बिगर-बीटी बियाणे वेगळे न देता त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. काल्यात प्रत्येकाने आपली शिदोरी आपल्या हाताने सोडायची असते. आपण ती सोडली नाही, म्हणून दुसऱ्याला आधीच कालवून द्यावी लागली.

हे सगळे मनात ठेवून मी चोरबीटीच्या प्रश्नाकडे परत वळलो. प्रश्न पुन्हा तोच, वाटा कोणाचा जातो?

त्या गावच्या निंदायला जाणाऱ्या बाया धुऱ्यावर भाकर खात होत्या, तिथे मी जाऊन बसलो. तणनाशकाच्या पऱ्हाटीबद्दल विचारले. एक जण हसून म्हणाली, “निंदन चुकलं तं कंबर सुटंल महाराज. पर त्या दिवसाची चूल कशी पेटंल?” दुसरी म्हणाली, “तरोटा, घोळ, पाथरी बी जळते नं. सांजची भाजी आमी इथूनच नेतो.” तिने बोट दाखवले त्या वावरात कापसाच्या ओळींमध्ये तुरीचे पाटे होते, थोडी अंबाडी होती. वरून ग्लायफोसेट मारले तर यातले काही उरणार नव्हते.

या बायांना जन्मभर वाकून निंदत ठेवणे हा काही धर्म नव्हे. त्यांची कंबर सुटावी असे कोणालाही वाटेल. पण त्यांचा रोज बंद करताना त्यांच्या चुलीचा विचार ना बियाणे विकणारा करतो ना घेणारा. त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

शेतकऱ्याचेही ऐकावे. पाऊस लागून राहिला की डवरणी होत नाही, तण गुडघ्याला येते, सगळ्यांचे निंदण एकदम निघते आणि मजूर मिळत नाही. त्यात भाव पडलेला. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेले हे बियाणे दिवसाढवळ्या लावले, पोलिसांना सांगून लावले. त्या वेळच्या कायद्यात यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होता. त्यांचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. पण एक मान्य करावे लागेल, की त्यांनी ते उजेडात केले आणि परिणाम अंगावर घेण्याची तयारी दाखवली. रात्री बिनपावतीचे पाकीट विकणाऱ्याची आणि त्यांची गोष्ट एक नव्हे.

अंधारात घेतलेल्या बियाण्याचे काय होते? उगवले नाही तर तक्रार करायला कागद नाही. पाकिटात आहे ते तेच आहे की नुसती सरकी रंगवली आहे, कळायला मार्ग नाही. ग्लायफोसेटचा फवारा वाऱ्याने धुरा ओलांडतो आणि शेजाऱ्याची तूर पिवळी पडते. शेजारी विचारायला आला की खोटे बोलावे लागते. त्या औषधाबद्दलही जाणत्यांचे एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये त्याला कर्करोगाचे संभाव्य कारण म्हटले, अमेरिका आणि युरोपच्या तपासणी संस्थांना ते मान्य नाही. आपल्या सरकारने २०२२ मध्ये ते कोणीही फवारू नये, प्रशिक्षित फवारणाऱ्यांकडूनच वापरावे, असे बंधन घातले. आणि आमच्याकडे ते पाठीवरच्या पंपाने, उघड्या पायांनी मारले जाते.

इथे सरकारच्या पदरातही दोष घालावा लागतो. एका बियाण्यावर वर्षानुवर्षे हो किंवा नाही न म्हणता प्रश्न लोंबकळत ठेवला की लोक चोरवाट शोधतात. बीटी वांग्याच्या वेळी निदान उघड चर्चा झाली. २००९ मध्ये समितीने त्याला मान्यता दिली होती. मग मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचे ऐकून घेतले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने पुढे तेच वांगे स्वीकारले. कोण बरोबर, यावर वाद होऊ शकतो. पण ज्याला ते पेरायचे आणि ज्याला खायचे त्याला विचारले गेले, हे योग्यच झाले.

खाणाऱ्यांनीही आपण यापासून दूर आहोत असे समजू नये. ज्या बीटी कापसाचे सूत आपण नेसतो, त्याच्याच सरकीचे तेल फराळाच्या पदार्थांतून पोटात जाते. तिचीच ढेप गाईम्हशी खातात आणि त्यांचे दूध विठोबाच्या नैवेद्यात येते. यातून अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण आपण काय खातो हे जाणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. जनुक बदललेले अन्न पाकिटात असेल तर तसे छापावे, असा नियम २०१३ पासून आहे. तो कागदावर न राहता पाळला जावा, एवढे तरी आपण मागू शकतो. जाणून खाणे आणि फसवून खाऊ घातले जाणे यांत फरक आहे.

ज्येष्ठात, वारीला निघण्याआधी मी पुन्हा त्या गावी गेलो. तो शेतकरी वावरातच होता, काडीकचरा वेचून धुऱ्यावर टाकत होता. मी आधी त्या दिवशीच्या थट्टेबद्दल क्षमा मागितली. तो संकोचला. “असं कसं महाराज,” म्हणत त्याने बसायला घोंगडी टाकली.

मी म्हणालो, “माउली, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला जसे सुचले तसे सांगतो. बियाणे बदलले म्हणून पाप लागत नाही. जे लपवून करावे लागते, ज्यात दुसऱ्याचा वाटा त्याला न विचारता जातो आणि ज्याचे वाईट झाले तर ते दुसऱ्याच्या अंगावर पडते, ते पाप. कायद्याने मना केलेले बियाणे पेरा असे मी सांगणार नाही, आणि मी स्वतः पेरणार नाही. पण तुम्हाला पापी म्हणायचा अधिकारही मला नाही. तुमच्यापेक्षा मोठा दोष अंधारात विकणाऱ्याचा आहे आणि निर्णय टाळणाऱ्यांचा आहे.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “अन् तुमच्या वावरात काय हाय महाराज?”

मी त्याला धुऱ्यावरच्या पुडीची गोष्ट सांगितली. पाखरांच्या कीर्तनासकट सगळी. यंदापासून डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटायची, फरदड घ्यायची नाही, कामगंध सापळे लावायचे, आणि तुरीच्या ओळी जास्त टाकायच्या, असे ठरवल्याचेही सांगितले. एवढ्याने अळी जाणार नाही. माझ्या एकट्याच्या वावराने तर नाहीच. हे गावाने मिळून करायचे काम आहे, कारण अळीचे पाखरू धुरा मानत नाही.

“पाकीट घरात आनून ठेवलं हाय,” तो म्हणाला. “पेरली न्हाई अजून. शेजाऱ्याशी बोलतो आधी. अन् त्या बायायशी बी.”

मी उठलो. पश्चिमेला ढग भरून येत होते. त्याने गाडीच्या फाट्यापर्यंत सोबत केली आणि निघताना माझ्या पिशवीत तुरीच्या डाळीची पुरचुंडी ठेवली, दिंडीत सगळ्यांना वरण करायला.

राम कृष्ण हरी.